मागच्या बाकावरचा सिनेमा

नारायण कांबळे गातो तेव्हा 'कोर्ट' या सिनेमाचा कॅमेरा श्रोत्यांच्या मागे उभा राहतो. वस्तीतला छोटा मंच, वाद्यं, कोरस आणि मधोमध पासष्टीचा शाहीर. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने इथे चार क्लोज-अप घेतले असते, डोळ्यांतला अंगार दाखवला असता. चैतन्य ताम्हाणे जागचा हलत नाही. पोलीस मंचाजवळ येतात, तेही आपण तेवढ्याच अंतरावरून पाहतो. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप. तो किती हास्यास्पद आहे, हे सांगायला सिनेमा आवाज चढवत नाही.

हा शाहीर साकारणारा माणूस आपल्या नागपूरचा. वीरा साथीदार नट नव्हते; आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. एप्रिल 2021मध्ये कोरोनाने ते गेले. आरोपीच्या जागी ते उभे राहतात, तेव्हा चेहऱ्यावर ना हुतात्म्याचा भाव, ना केविलवाणेपणा. विचारलं तेवढंच उत्तर. कोर्टात ताटकळणं ज्याला नवीन नाही, अशा माणसाचा तो थकवा आहे, आणि तो शिकवून येत नाही. संभाजी भगत यांची गाणी त्यांच्या तोंडी भाषणासारखी सरळ येतात.

तरी माझ्या लेखी चित्रपटाचा गाभा त्या कामगाराच्या विधवेची साक्ष आहे. नवरा उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण वास सोसवत नसे. आधी खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, असा अंदाज. ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगते. ही भूमिका करणाऱ्या उषा बने यांचे पती खरोखर गटारसफाईचं काम करत, आणि त्या स्वतः विधवा. हे माहीत नसतानाही त्या सपाट आवाजाने खटल्याची हवाच निघून जाते. वकिलांना पुढे विचारण्यासारखं फारसं उरत नाही.

मग ताम्हाणे वकिलांच्या मागे घरी जातो. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलमध्ये साडीवर बोलते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, सुटीला सहकुटुंब नाटक बघते. नाटक परप्रांतीयांना हाकलण्याचं, आणि प्रेक्षागृह खदखदून हसतं. तिच्यात दुष्टपणा शोधूनही सापडत नाही. सगळ्यात जास्त घाबरवतं ते हेच. बचावाचा वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर, निर्मातेही तेच) जॅझ ऐकतो, सुपरमार्केटात चीज निवडतो. आरोपी तेव्हा कोठडीत.

सप्टेंबर 2014मध्ये व्हेनिसला 'ओरिझोंती' विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं आणि पदार्पणाचं अशी दोन पारितोषिकं, मग राष्ट्रीय पुरस्कार. तरी एप्रिल 2015मध्ये प्रदर्शित झालेला हा सिनेमा नागपूरजवळच्या वाडीत किती जणांनी पडद्यावर पाहिला असेल? अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगा लागणाऱ्या गावात कलाचित्रपटगृह कुठलं! मोबाइलवर बघता येतो, पण मग चौकटीच्या कडा हरवतात. मागच्या बाकावर पेंगणारा माणूस, पुढच्या खटल्याची वाट बघणारी बाई, हेच तर यातलं नाट्य. त्यासाठी पडदा हवा, एखाद्या समाजमंदिरात ताणून बांधलेला असला तरी चालेल.

उन्हाळी सुटीआधी कोर्ट उठतं, दिवे एकेक करून मालवतात, दारं लागतात, आणि काळा पडदा तसाच राहतो. किती तरी वेळ. बरेच जण इथेच संपला म्हणून उठतात. पण खटल्याचे न्यायाधीश सदावर्ते अजून सहलीला जायचे आहेत. तिथे ते बोलू न शकणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्र आणि खडा सुचवतात (हे जरा जास्तच सोयीचं वाटतं मला, हसू हमखास येतं). मग बाकावर झोपतात. मुलं कानाशी ओरडून दचकवतात. ते एकाला थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. त्या थपडेला ना साक्ष, ना पुरावा, ना पुढची तारीख.