‘मागणी’ या संज्ञेची चिकित्सा : कालव्याच्या पाण्याचे दैनिक पूर्वानुमान

शेतीच्या पाण्याची उद्याची मागणी आज वर्तविता येईल काय, या प्रश्नावर अलीकडे विपुल लेखन होत आहे. त्यातील गणिताविषयी अधिकारवाणीने बोलणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला शोभणार नाही. परंतु त्या गणिताचा आधार असलेली ‘मागणी’ ही संज्ञा मात्र त्याच्या कक्षेत येते; आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दोष तेथेच आहे.

पुलिदो-काल्व्हो प्रभृतींनी 2003 मध्ये स्पेनमधील फुएन्ते पाल्मेरा या सिंचनक्षेत्राविषयी प्रसिद्ध केलेला निबंध या लेखनाचा चांगला नमुना होय. समाश्रयण, कालश्रेणी व संगणकीय मज्जाजाल या पद्धतींची त्यात तुलना आहे. तेथे पाणी दाबनलिकांतून येते आणि शेतकरी हवे तेव्हा ते घेतो. अर्थात मापकात नोंदले गेलेले पाणी ही मागणी मानण्यास प्रत्यवाय नाही. परंतु हेच गृहीतक आपल्या कालव्यांवर जसेच्या तसे आणले की अनर्थ ओढवतो. विश्रांतवाडीत 2021 पासून भामा आसखेड धरणाचे पाणी येते, ते ठराविक वेळी. त्या वेळेत हंडे-पिंपे किती भरली यावरून घरातील माणसांची तहान ठरविणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही.

खडकवासल्याहून दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या मुठा उजव्या कालव्याचे उदाहरण घ्यावे. येथील व्यवहारात मागणी म्हणजे ‘नमुना नंबर 7’ वर केलेला हंगामी अर्ज. तो मंजूर झाला की शेजपाळीने, म्हणजे एका शेतानंतर शेजारचे शेत अशा क्रमाने, आवर्तनात पाणी मिळते. पाणी कोणत्या दिवशी यावे हे पीक ठरवीत नाही, शेतकरीही ठरवीत नाही. तेव्हा विसर्गाच्या जुन्या आकड्यांवर यंत्रास शिक्षण दिले, तर ते शिकते अभियंत्याचे वेळापत्रक! टेलकडच्या ज्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचलेच नाही, त्याच्या नावे नोंदवहीत शून्य पडते. आणि पूर्वानुमान त्या शून्यास ‘मागणी नव्हती’ असे वाचते. वंचिताची वंचना अशा रीतीने शास्त्रीय ठरते.

उलटपक्षी, पेनमन यांच्या 1948 च्या समीकरणापासून 1998 च्या जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेपर्यंत विकसित झालेली बाष्पोत्सर्जनाची पद्धती पिकाची गरज मोजते. संदर्भ बाष्पोत्सर्जन दिवसाला 6 मिलिमीटर धरले आणि भर वाढीतील उसाचा गुणांक 1.25 घेतला, तर गरज 7.5 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 75 घनमीटर होते. चौदा दिवसांच्या पाळीस 1050. हिशेब स्वच्छ आहे. तथापि ‘गरज’ म्हणजेही ‘मागणी’ नव्हे. डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहार धरण्यापूर्वी बागाईतदार झाडांना मुद्दाम ताण देतो. आंबे बहारासाठी तर हा ताण भर हिवाळ्यात असतो. बाष्पोत्सर्जनाचा आकडा पाणी द्या म्हणतो, आणि मालक पाट बंद ठेवतो. ‘वाफसा’ या शब्दाचेही तसेच. मातीत ओलावा व हवा यांचा मेळ बसलेली ती अवस्था शेतकरी मूठभर माती दाबून ओळखतो, आणि पुढील पाण्याचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. अशा नेमक्या शब्दांची भाषा हाताशी असता आपण एका ‘मागणी’वर भागवावे, हे आश्चर्य आहे.

पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत हा गोंधळ पुष्कळ कमी होता असे दिसते. एका फडात एकच पीक असल्याने अर्ज, गरज आणि प्रत्यक्ष दिलेले पाणी यांत फार अंतर पडण्यास वाव नसे. मुठा कालव्यावर मात्र ऊस, भाजीपाला व फळबाग एकाच चारीवर नांदतात.

म्हणून पूर्वानुमानाच्या लेखनात ‘अर्ज’, ‘गरज’ व ‘विसर्ग’ हे तीन शब्द वेगळे राखावेत, आणि जेथे पाणी पोहोचले नाही तेथे शून्य न लिहिता ‘नोंद नाही’ असे लिहावे. गणितज्ञांना याने काम वाढेल, यात संशय नाही.