इच्छेची किंमत : मिखाएल एंडे यांची 'न संपणारी गोष्ट' आणि तिचे चित्रपटरूप

कादंबरीवरून काढलेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा वजाबाकीने सुरू होते. कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे वगळली, शेवट कितपत बदलला, यांची यादी केली जाते आणि त्या यादीच्या लांबीवरून चित्रपटाने मूळ कृतीशी इमान राखले की नाही हे ठरविले जाते. अद्भुत कादंबरीच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी पडते. अद्भुत सृष्टी स्वतःचे नियम स्वतःच घालून देत असते, आणि तिच्यात काय घडते याइतकाच काय घडू शकत नाही यावरही तिचा अर्थ अवलंबून असतो. तेव्हा रूपांतरात किती प्रसंग उरले यापेक्षा त्या सृष्टीचा नियम उरला की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. जर्मन लेखक मिखाएल एंडे (१९२९–१९९५) यांची १९७९ साली प्रसिद्ध झालेली 'न संपणारी गोष्ट' ही कादंबरी आणि वोल्फगांग पेटरसन यांनी १९८४ साली दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे.

कादंबरीचे कथासूत्र असे आहे : बास्टियन नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा वर्गातील मुलांच्या छळाला भिऊन एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो, तेथील एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून ते वाचू लागतो. आई वारलेली, पत्नीच्या मृत्यूनंतर वडील जणू गोठून गेलेले. त्या पुस्तकातील फांटासिएन हा कल्पनेचा देश 'शून्या'कडून गिळला जात आहे, आणि बालसम्राज्ञीला नवे नाव देणारे मानवी मूल मिळाल्यावाचून त्याचा बचाव होणार नाही. आट्रेयू हा तरुण वीर त्या शोधात निघतो. अखेर आपणच ते मूल आहोत हे बास्टियनला पटते, तो नाव उच्चारतो आणि स्वतः पुस्तकात प्रवेश करतो. कादंबरीची २६ प्रकरणे जर्मन वर्णमालेतील २६ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. नाव देण्याचा प्रसंग बाराव्या प्रकरणाच्या शेवटी येतो. चित्रपट येथेच संपतो. म्हणजे कादंबरीचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

एवढ्यावरून चित्रपटाला दोष देणे मात्र न्याय्य होणार नाही. काही बदल माध्यमाच्या प्रकृतीमुळेच अटळ झाले आहेत. कादंबरीतील 'शून्य' म्हणजे अंधार नव्हे, पोकळीही नव्हे. त्याकडे पाहणाऱ्याला आपण आंधळे झालो आहोत असे वाटते. भाषेला नकाराची शक्ती असल्यामुळे गद्यात हे साधते. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावेच लागते, म्हणून चित्रपटात शून्याचे वादळ होते. दुःखाच्या दलदलीत आट्रेयूचा घोडा बुडतो, त्या प्रसंगात तर चित्रपटाचा लाभच झाला आहे. कादंबरीतील घोडा बोलतो आणि आपल्याला सोडून जाण्यास सांगतो. चित्रपटातील घोडा मुका आहे, आणि त्याच्या निमूटपणे खचत जाण्याने त्या प्रसंगाला वेगळीच तीव्रता येते. छपाईतील दोन रंगांनी कादंबरीत दोन जगे वेगळी राखली आहेत. ते काम चित्रपटात माळ्यावरील मुलाच्या आणि फांटासिएनच्या दृश्यांची आलटून पालटून केलेली गुंफण करते. कादंबरीतील भ्रमंत्या पर्वतावरचा म्हातारा सारी कथा पहिल्या वाक्यापासून पुन्हा सांगू लागतो आणि कथा स्वतःतच अडकून पडते. हे अनावस्थेचे चक्र चित्रपटात नाही. मात्र बास्टियनच्या अनुभवात आणखी कोणी सहभागी होत आहेत असे सम्राज्ञी सुचविते, तेव्हा प्रेक्षकालाही कथेत ओढून घेण्याचा तोच हेतू निराळ्या मार्गाने साधला जातो. येथे शब्द बदलले आहेत. अर्थाला धक्का लागलेला नाही.

अर्थाला धक्का लागतो तो शेवटी. नाव दिल्यानंतर सम्राज्ञी बास्टियनच्या हाती वाळूचा एक कण देते आणि हव्या तितक्या इच्छा करावयास सांगते. इच्छा जितक्या अधिक तितका नवा देश समृद्ध. हे आश्वासन दोन्ही कृतींत आहे. चित्रपटात ते जसेच्या तसे फळते. बास्टियन कल्याणनागाच्या पाठीवर बसून पूर्ववत झालेला देश पाहतो, मग त्याच नागावर स्वार होऊन आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या मुलांना पळता भुई थोडी करतो. इच्छा केली, ती पूर्ण झाली, हिशेब चुकता झाला.

कादंबरीत मात्र या आश्वासनापासूनच खऱ्या संकटाला प्रारंभ होतो. सम्राज्ञीचे औरिन हे चिन्ह धारण करणाऱ्याची प्रत्येक इच्छा पुरी होते, आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याच्या पूर्वायुष्यातील एक आठवण नाहीशी होते. बेढब बास्टियनला सुंदर व्हावेसे वाटते; तो सुंदर होतो, आणि आपण कधी बेढब होतो हेच विसरतो. औरिनवर मनाला येईल ते करण्याची आज्ञा कोरलेली आहे. तिचा अर्थ आपली खरी इच्छा शोधणे हा असून त्याहून अवघड वाट दुसरी नाही, असे ग्राओग्रामान हा सिंह त्याला सांगतो. परंतु बास्टियनला ते उमगावयास फार काळ लागतो. त्याला कीर्ती हवीशी वाटते, मग सत्ता, आणि शेवटी सम्राटपदही. ते मिळविण्याच्या लढाईत तो आट्रेयूलाच जखमी करतो. पुढे त्याला एक नगर लागते. तेथे पूर्वी सम्राट होऊ पाहिलेली आणि सर्व आठवणी गमावलेली माणसे अक्षरांचे फासे निरर्थकपणे टाकीत बसलेली आहेत. येथून पुढे कादंबरी परतीच्या वाटेची होते. प्रेम करता यावे ही अखेरची इच्छा आईवडिलांच्या आठवणीच्या मोलाने येते. चित्रांच्या खाणीत बास्टियनला बर्फात गोठलेल्या एका माणसाचे चित्र सापडते. ते आपल्या वडिलांचे आहे हे त्याला ओळखता येत नाही. अखेर स्वतःचे नावही हरवलेल्या बास्टियनची ओळख आट्रेयू पटवितो, आणि मगच जीवनजलाचा मार्ग खुला होतो.

या संदर्भात एक लहानसा तपशील बोलका आहे. चित्रपटातील बास्टियन सडपातळ आणि देखणा आहे. पात्रयोजनेतील हा किरकोळ बदल वाटेल. पण पहिल्या इच्छेचे कारणच त्यामुळे नाहीसे होते. पुस्तकाच्या चोरीचेही तसेच. चित्रपटात बास्टियन पुस्तक परत करण्याची चिठ्ठी ठेवून जातो आणि चोरीची उसनवारी होते. कादंबरीत ती चोरीच राहते. घरी परतल्यावर ती कबूल करण्यासाठी त्याला दुकानदारापुढे एकट्याने उभे राहावे लागते, आणि ज्याने पूर्वी पळ काढला तो मुलगा आता उभा राहू शकतो. त्याचा विजय तो हाच.

चित्रपटाचा शेवट कादंबरीच्या नियमाशी किती विसंगत आहे, हे ग्मोर्क या लांडग्याच्या संभाषणावरून स्पष्ट होते. शून्यात पडलेले फांटासिएनचे रहिवासी मानवी जगात पोचतात, पण तेथे ते असत्याचे रूप घेतात; माणसांना भ्रमात ठेवणाऱ्या खोट्या कल्पना म्हणून वावरतात, असे तो आट्रेयूला सांगतो. चित्रपटातील ग्मोर्क आशा गमावलेल्या माणसांवर सत्ता गाजविणे सोपे असते एवढेच सांगतो. असत्याचा मुद्दा गळतो. तो गळल्यामुळेच कल्याणनाग शहरावर उतरू शकतो. मूळ कृतीच्या कसोटीवर ते उडते दृश्य म्हणजे कल्पनेचा विजय ठरत नाही. ज्या असत्याचा धोका ग्मोर्क सांगतो, तेच ते असत्य. एंडे यांनी चित्रपटाविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली व न्यायालयात दादही मागितली, पण त्यांना यश आले नाही. लेखकाचा रोष हा टीकेचा निकष होऊ शकत नाही. येथे मात्र त्याचे कारण संहितेतच सापडते.

उरलेला भाग पुढच्या चित्रपटासाठी राखला होता, असा बचाव करता येईल. १९९० साली निघालेल्या दुसऱ्या चित्रपटात इच्छेगणिक आठवण हरपण्याची कल्पना खरोखरच आली आहे. परंतु तेथे आठवणी हिरावून घेते ती एका चेटकिणीची यंत्रणा. कादंबरीत ही किंमत वरदानातच अंगभूत आहे. बास्टियनच्या हानीला बाहेरचा कोणी शत्रू जबाबदार नाही. दोष खलपात्राच्या माथी मारताच इच्छा पुन्हा निष्पाप होते, आणि दुसरा चित्रपटही पहिल्याच्याच मार्गाने जातो.

संस्कृत साहित्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव मानला आहे. पेटरसन यांच्या चित्रपटात विस्मय विपुल आहे, आणि बालप्रेक्षकांनी त्यावर केलेले प्रेम अकारण नाही. एंडे यांना त्या विस्मयाचा उपयोग कशासाठी करावयाचा, हा प्रश्न पडला होता. त्यांचा बास्टियन जीवनजल ओंजळीत घेऊन वडिलांकडे निघतो. घरी पोचेपर्यंत ते सांडून जाते. त्याची सारी हकीकत ऐकून वडिलांच्या डोळ्यांत अश्रू येतात, आणि पाणी पोचले हे त्याला कळते. कल्पनेच्या देशातून माणसाच्या घरात येऊ शकते ते एवढेच, आणि चित्रपटाने नेमके तेच मागे ठेवले आहे.