'दुर्मिळ' कुणी केलं?

'दुर्मिळ' हा प्रस्थापितांचा लाडका शब्द. दुर्मिळ पोथी, दुर्मिळ नाणं, दुर्मिळ बंदिश. शब्द तोंडात असा घोळवतात की वस्तू जणू जन्मालाच दुर्मिळ आली. हिरा खाणीत कमी सापडतो, ते ठीक. पण माणसाच्या हातानं झालेली वस्तू दुर्मिळ असते तेव्हा ती कुणीतरी तशी केलेली असते. कुणी ती दुकानात ठेवली नाही, कुणी वाजू दिली नाही, कुणी भीतीपोटी लपवून टाकली. मग तीस-चाळीस वर्षांनी एक गृहस्थ येतो, धूळ पुसतो नि किमतीचा आकडा लावतो. धूळ कुणामुळे बसली, याचा हिशेब त्या आकड्यात नसतो.

हे सांगायला मी मुद्दाम लांबचा विषय घेतोय. साठच्या दशकाच्या शेवटी नि सत्तरच्या दशकात निघालेल्या सायकेडेलिक रॉकच्या सिंगल रेकॉर्डी, आणि त्या गोळा करणारे लोक. मित्र म्हणतील, हे काय खूळ काढलंस? वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांची स्कॉलरशिप वेळेवर येत नाही, नि तू गोऱ्या पोरांच्या गिटारीबद्दल बोलतोस. थांबा जरा. ती सगळीच पोरं गोरी नव्हती. खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

आधी वस्तू बघू. सिंगल म्हणजे सात इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे. एका बाजूला तीनेक मिनिटांचं एक गाणं, पलटली की दुसरं. मोठी एलपी काढायची तर कंपनीच्या साहेबाची मर्जी लागायची. सिंगलला तेवढं लागत नव्हतं. पैसे भरा, टेप द्या, काही शे तबकड्या छापून घेऊन जा, अशी सोय अमेरिकेत होती. सिनसिनाटीतला 'राइट रेकॉर्ड्स' हा असाच एक कारखाना. आपल्या भाषेत सांगायचं तर सायक्लोस्टाइल मशीन. कुणाची परवानगी नको, संपादक नको, स्टेन्सिल कापली की अंक तयार.

आणि सायकेडेलिक म्हणजे एलएसडीच्या काळातला आवाज. गिटारचा सूर मुद्दाम फाडणारं 'फझ' नावाचं छोटं यंत्र, उलटी चालवलेली टेप, विहिरीत ओरडल्यासारखा घुमणारा गळा. नशेची भलामण मी करणार नाही, नशेनं वस्त्यांचं काय केलं ते आपण रोज बघतो. या संगीतानं भारतातून काय उचललं तेही पाहून ठेवा. सतार उचलली, उदबत्ती उचलली, १९६८ साली बीटल्स महेश योगींच्या पायाशी हृषीकेशला येऊन बसले. हलगी कुणाला ऐकू आली नाही. गावकुसाबाहेर यायला त्यांना कुणी वाट दाखवलीच नाही म्हणा. (आपल्याकडे सिगारेट कंपनीनं भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेतून १९७० नि ७१ साली एलपी निघाल्या, त्याही आता परदेशात शोधतात. इंग्रजी गाणारी शहरी पोरं ती. त्यांच्यावर वेगळा लेख होईल.) इतकं सगळं असूनही त्या फाटक्या आवाजात एक खरी चीज होती. गोडगोड गाण्याला नकार. म्हणून तर मी कान दिला.

यातल्या बहुतेक तबकड्या चालल्या नाहीत. गावच्या रेडिओवर दोन-चारदा वाजल्या, उरलेल्या खोक्यात गेल्या. त्या बाहेर काढण्याचं पहिलं मोठं काम १९७२ साली झालं. लेनी के नावाच्या तरुणानं 'नगेट्स' नावाचा दोन एलपींचा संग्रह केला, इलेक्ट्रा कंपनीनं तो काढला. सत्तावीस गाणी, बरीचशी विसरलेल्या सिंगलांवरची. त्याच १९७२ साली मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहत होती. हा निव्वळ योगायोग, पण ध्यानात राहतो.

'नगेट्स' चांगला आहे, हे आधी सांगतो. केनं मेहनत केली, प्रत्येक बँडची माहिती लिहिली, नावं दिली. पुढचे सगळे संग्राहक त्याच्याच पायवाटेनं गेले. पण यादी वाचा. जवळजवळ सगळे बँड गोरे. 'प्रीमियर्स' हा मेक्सिकन वंशाच्या पोरांचा बँड तेवढा वेगळा. आणि 'व्हॅग्रंट्स' नावाच्या गोऱ्या बँडचं 'रिस्पेक्ट' त्यात आहे. हे गाणं ओटिस रेडिंग या काळ्या गायकानं लिहिलं नि १९६५ साली गायलं. नगेट म्हणजे मातीत सापडलेला सोन्याचा गोळा. माती कुणाची, हे सोनारानं विचारायचं नसतं वाटतं.

याचं मूळ दुकानाच्या फळीत आहे. अमेरिकेत काळ्यांच्या रेकॉर्डींना 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. 'बिलबोर्ड' या धंद्याच्या साप्ताहिकानं १९४९ साली ते नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. नाव बदललं, पंगत वेगळीच राहिली. काळ्यानं सोल वाजवावं, गोऱ्यानं रॉक. रॉक जन्मला काळ्यांच्या घरात, पण काळा पोरगा रॉकची गिटार घेऊन उभा राहिला की दोन्ही आळ्यांतले लोक विचारणार, तू इथं काय करतोस? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

चेंबर्स ब्रदर्सचं घ्या. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबणाऱ्या कुटुंबातले चार भाऊ, चर्चमध्ये गाऊन तयार झालेले. 'टाइम हॅज कम टुडे' हे त्यांचं गाणं. १९६६ची छोटी सिंगल चालली नाही. नंतर अकरा मिनिटांचा अवतार आला, घड्याळासारखी टकटक, मधे सगळं विरघळून जातं, पुन्हा उठतं. १९६८ साली ते बिलबोर्डच्या यादीत अकराव्या नंबरापर्यंत चढलं. तेव्हापासून सिनेमात वाजतंय, जाहिरातीत वाजतंय. आणि या भावांपैकी लेस्टर चेंबर्स यानं २०१२ साली हातानं लिहिलेला फलक धरून फोटो काढून घेतला. १९६७पासून १९९४पर्यंत आपल्याला रॉयल्टीचा चेक दिसला नाही, असं त्यानं त्यावर लिहिलं होतं. हे चाललेल्या गाण्याचं. न चाललेल्यांचं काय झालं असेल?

तेही सांगतो. डेट्रॉइट शहर. डेव्हिड, बॉबी नि डॅनिस हॅकनी, तीन काळे भाऊ. आधी फंक वाजवत होते, मग रॉककडे वळले. वडील अपघातात गेले, तेव्हा डेव्हिडनं बँडचं नाव ठेवलं 'डेथ'. मरण. मरणाकडे घाबरून बघायचं नाही, असं त्याचं म्हणणं. १९७५ साली सात गाणी रेकॉर्ड झाली. रेकॉर्डच्या धंद्यातला बडा माणूस क्लाइव्ह डेव्हिस म्हणाला, नाव बदला, मग बघू. ही हकीकत भावांनीच पुढे सांगितली. डेव्हिड नाही म्हणाला. १९७६ साली त्यांनी स्वतःच्या 'ट्रायअँगल' लेबलवर एक सिंगल काढली, 'पॉलिटिशियन्स इन माय आइज'. पाचशे प्रती. तुम्ही याला सायकेडेलिकचं शेपूट म्हणा नाहीतर पंकचं डोकं, पुस्तकी भांडणात मला रस नाही. पुढाऱ्यांवरचा राग आहे तो, नि तीन माणसांत मावत नाही इतका मोठा आहे.

ती खपली नाही. रेडिओवाले विचारायचे, काळे आहात तर हे काय वाजवता? भाऊ शहर सोडून गेले, बॉबी नि डॅनिस पुढे रेगे वाजवू लागले. डेव्हिड २००० साली कॅन्सरनं वारला. जाण्याआधी मूळ टेपा त्यानं बॉबीकडे दिल्या. जग एक दिवस या शोधत येईल, असं सांगून.

जग आलं, पण आधी ग्राहक म्हणून आलं. त्या पाचशेतल्या तबकड्या संग्राहकांच्या बाजारात शेकडो डॉलरला विकल्या जाऊ लागल्या. बाजाराचं गणित सोपं आहे. प्रती कमी तितका भाव जास्त. म्हणजे रेडिओनं जितकं नाकारलं, दुकानानं जितकं परत पाठवलं, तितकी आजच्या मालकाची कमाई. भावांचा अपमान हे त्या मालकाचं भांडवल झालं. एका जुन्या तबकडीमागे वादकाच्या घरात एक पैसा जात नाही. गेला तो २००९ साली 'ड्रॅग सिटी' या छोट्या कंपनीनं ती सात गाणी एलपी म्हणून काढली त्यानंतर. हा फरक नीट पाहा. प्रत विकणं एक, गाणं पुन्हा छापणं दुसरं. संग्राहक मंडळी दोन्हीला 'जतन' म्हणतात.

जतनाचा आणखी एक नमुना शेजारच्या गल्लीतला. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडातल्या कामगार वस्त्यांतली पोरं काळ्या अमेरिकन गायकांच्या न चाललेल्या सोल सिंगलांवर रात्रभर नाचत. विगन गावचा 'कसिनो' क्लब १९७३ ते ८१ चालला तो यावरच. प्रेम खरं होतं, याबद्दल शंका नाही. पण रेकॉर्ड लावणारे डीजे काय करायचे? तबकडीच्या लेबलवर कागद चिकटवायचे नि गायकाचं खोटं नाव सांगायचे. दुसऱ्या डीजेला ती शोधता येऊ नये म्हणून. शिकागोत कुठंतरी एखादा गायक नोकरी करून पोट भरतोय, नि समुद्रापलीकडे हजार पोरं त्याच्या गळ्यावर नाचतायत भलत्याच माणसाचं नाव घेऊन. नाव पुसून माल वापरायचा हा धंदा आपल्याला नवा नाही. तमाशाचे वग लिहिणाऱ्या किती हातांची नावं आपल्याला माहीत आहेत?

आता तुर्कस्तान. संग्राहकांची ही सध्याची आवडती खाण आहे, आणि माझ्या मते यांचं खरं आंधळेपण इथे दिसतं. १९६५ साली 'हुर्रियत' या वृत्तपत्रानं 'सोनेरी मायक्रोफोन' नावाची स्पर्धा सुरू केली. लोकगीत घ्या, पाश्चात्त्य वाद्यांवर बसवा. त्यातून पुढे 'अनातोलियन रॉक' म्हणतात तो प्रकार फुलला. लांब दांड्याचा साझ विजेवर चढवला, शेजारी फझवाली गिटार, नि गाणं खेड्यातल्या कवीचं. तिथला बाजार बरीच वर्षं सिंगलांचाच होता, त्यामुळे खजिना सात इंचात भरलेला.

जेम काराजा नावाच्या गायकाची १९७५ची एक सिंगल. गाण्याच्या नावाचा अर्थ 'मेकॅनिककडचा शिकाऊ पोरगा'. गॅरेजात ग्रीसनं माखलेला पोरगा, गाडी घेऊन आलेल्या श्रीमंत मुलीवर जीव लावून बसतो. कादंबरीत असं घडल्याचं त्यानं वाचलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नीटनेटका होऊन उभा राहतो. ती त्याच्याकडे बघते ती रस्त्यावरचं कुत्रं बघावं तशी. मग उस्ताद येतो, त्याला त्याची पायरी समजावतो नि कामाचे कपडे पुन्हा अंगावर चढवायला लावतो. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. गाण्यात जात हा शब्द नाही, पण पायरीचा शब्द सगळ्या भाषांत असतो.

संग्राहकांची वर्णनं वाचा. 'जबरदस्त फझ.' 'पूर्वेकडचा गूढ नाद.' प्रतीवर ओरखडे किती, लेबल पहिल्या छपाईचं की दुसऱ्या. शिकाऊ पोरगा कुठंच नाही! शब्द कळत नाहीत, हा गुन्हा नव्हे, मलाही भाषांतर शोधावं लागलं. पण शोधायची गरजच वाटू नये? १९८० साली तिथे लष्करानं सत्ता घेतली. काराजा तेव्हा जर्मनीत होता, १९८३ साली त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. १९८७पर्यंत त्याला घरी येता आलं नाही. सेल्दा बाजान ही गायिका १९७१पासून सिंगल काढत होती, महझुनी शेरीफसारख्या लोककवींची गरिबांवरची गाणी गात होती. लष्करी राजवटीत तिला तुरुंगात टाकलं, पासपोर्ट काढून घेतला. तर या तबकड्या 'दुर्मिळ' का झाल्या, याचं एक उत्तर बंदुकीत आहे. २००६ साली इंग्लंडात तिची एलपी पुन्हा निघाली, २००९ साली मॉस डेफ या काळ्या अमेरिकन रॅपरनं तिचं एक गाणं स्वतःच्या गाण्यात गुंफलं. हा मात्र मला संग्रह वाटत नाही, संवाद वाटतो. गरिबीचं गाणं तिथून इथवर आलं ते काचेच्या कपाटात बसायला नाही.

संग्राहकाची बाजूही मांडायला हवी. तो नसता तर यातलं पुष्कळ भंगारात गेलं असतं. सरकारी ग्रंथालयांनी या तबकड्या सांभाळल्या नाहीत, विद्यापीठांनी नाहीत. खोकी उचकणारी, गुडघे टेकून जुन्या बाजारात बसणारी वेडी माणसंच होती. त्यांच्यातल्या काहींनी बेपत्ता वादकांचे पत्ते काढले, त्यांना करार दिले, पुन्हा स्टेजवर उभं केलं. अशांना माझा जयभीम. तक्रार आहे ती, ज्याला आपल्याकडे एकमेव प्रत असल्याचा आनंद गाण्याच्या आनंदापेक्षा मोठा वाटतो त्याच्याबद्दल. अशा माणसाला गाणं पुन्हा छापलेलं आवडत नाही. त्याचा भाव पडतो.

आणि हे आपल्या दारात आलेलं आहे. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात लिटल मॅगझिनला आता भाव आहे. ज्या पानांना शाई पुसट म्हणून हसत होते, त्यांची पुसट शाई आता अस्सलपणाची खूण. भीमगीतांच्या तबकड्या नि कॅसेटी अजून घराघरांत ट्रंकेत आहेत. गायकाचं नाव लेबलवर असेल, गीतकाराचं कधी असेल कधी नसेल, ढोलकी कुणाची हे तर विचारूच नका. ज्यांना ते तोंडपाठ माहीत आहे ती माणसं म्हातारी झालीत. कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं, कॅसेट विकत मागणारा दारात येण्याआधी.

हॅकनींच्या घरात काय झालं, ते राहिलं. बॉबीच्या पोरांना बापाच्या या बँडचा पत्ताच नव्हता. एकाला तो लागला बाहेर, लोकांच्या पार्टीत ती जुनी सिंगल वाजताना. गळा बापाचा, हे त्यानं ओळखलं. मग भावांनी मिळून बँड काढला नि काकाची गाणी वाजवायला लागले. बँडला नाव दिलं 'रफ फ्रान्सिस'. डेव्हिड स्वतःसाठी वापरायचा ते नाव.