एका दिवसांत दोन गांवें

एका दिवसांत दोन गांवें पाहणें म्हणजे दोहोंपैकीं एकही न पाहणें, असें म्हणण्याची सुशिक्षित प्रवाशांत रूढि आहे. वेरूळ आणि अजिंठा एकाच फेरींत उरकणाऱ्या मंडळींविषयीं आपल्याकडेहि असाच नापसंतीचा सूर निघतो. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. घड्याळ हातांत धरून कलाकृतीपुढें उभा राहणारा मनुष्य बहुधा घड्याळच पाहत असतो. तथापि हा आक्षेप जितका सर्वमान्य आहे तितका विचारपूर्वक केलेला नाहीं, असें मला वाटतें. येथें खरा प्रश्न वेळेचा नसून निवडीचा आहे. ज्या दोन गांवांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं तीं आठ दिवस घालवून पाहिलीं तरी मनांत वेगवेगळींच राहतात. आणि ज्यांतलें एक गांव दुसऱ्यावर टीका करतें, त्यांची ती टीका दोन्ही एकाच दिवशीं पाहिल्यावांचून नीट ऐकूं येत नाहीं. उत्तर इटलींतील पादुआ आणि व्हिचेन्झा हीं गांवें या दुसऱ्या प्रकारचीं आहेत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

व्हेनिसहून मिलानकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारें ३७ किलोमीटरवर पादुआ आहे, आणि तेथून आणखी ३० किलोमीटरवर व्हिचेन्झा. या मार्गाचा पहिला तुकडा १८४२ सालीं पादुआपासून खाडीच्या कांठापर्यंत सुरू झाला. १८४६ सालीं खाडीवर पूल होऊन गाडी थेट व्हेनिसच्या बेटांत शिरूं लागली. आज साध्या गाडीनें पहिला टप्पा अर्ध्या तासाच्या आसपास आणि दुसरा वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. परतीचा प्रवास धरूनहि दिवसाचे दोन-अडीच तासच गाडींत जातात. तेव्हां वेळ पुरत नाहीं ही सबब येथें टिकत नाहीं. जें पुरत नाहीं तें मनाचें लक्ष. आणि म्हणूनच आधीं आंखणी करावी लागते.

प्रवासाची आंखणी ही एक प्रकारची टीकाच आहे. काय पाहावयाचें हें ठरविणें सोपें. काय सोडावयाचें हें ठरवितांना मनुष्याची रुचि कसास लागते. पादुआंत संत अँटनीचें भव्य मंदिर आहे. त्याच्यापुढें डोनाटेलोनें घडविलेला गत्तामेलाता सेनापतीचा अश्वारूढ पुतळा आहे. गॅलिलिओनें १५९२ ते १६१० पर्यंत जेथें अध्यापन केलें तें, १२२२ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ आहे. व्हिचेन्झाबाहेरच्या टेकडीवर पॅलाडिओचा सुप्रसिद्ध व्हिला रोतोंदा आहे. हें सर्व सोडावें असें मी म्हणतों, आणि तें तुच्छतेनें म्हणत नाहीं. एका दिवसाला एकच विषय पेलतो. या दिवसाचा विषय असा कीं, भिंतीच्या पलीकडचें जग दाखविण्याची विद्या पाश्चात्य कलेनें कशी मिळविली, आणि ती मिळवितांना काय गमावलें.

क्रमहि ठरलेलाच आहे. आधीं पादुआ, मग व्हिचेन्झा. कालक्रम तोच आहे, आणि पॅलाडिओचा जीवनक्रमहि तोच. व्हिचेन्झा ज्याच्या नांवानें ओळखलें जातें तो हा वास्तुकार १५०८ सालीं जन्मला पादुआंत. तेथें त्यानें पाथरवटाच्या हाताखालीं उमेदवारी केली आणि सोळाव्या वर्षीं तो व्हिचेन्झाच्या कारागिरांत दाखल झाला. आपण गाडींतून जातों ती त्याचीच वाट.

पादुआच्या स्टेशनावरून दहा-बारा मिनिटें चाललें कीं जुन्या रोमन रंगभूमीच्या अवशेषांजवळ एक साधें विटांचें देवालय लागतें. बाहेरून त्यांत कांहींच नाहीं. एन्रिको स्क्रोवेन्यी नांवाच्या धनिकानें तें बांधविलें, आणि त्याच्या भिंती जॉट्टोनें १३०५ च्या सुमारास रंगविल्या. एन्रिकोचा बाप सावकार होता. डान्टेनें नरकांत बसविलेल्या सावकारांपैकीं एकाच्या पिशवीवर डुकरिणीचें चिन्ह दाखविलें आहे, तो हाच, असें टीकाकार मानतात. बापाच्या पापाचें क्षालन व्हावें म्हणून मुलानें हें देवालय बांधलें, असें परंपरा सांगते. दाराच्या वरील भिंतीवर अंतिम न्यायाचें चित्र आहे. त्यांत एन्रिको गुडघे टेकून देवालयाची प्रतिकृति मेरीस अर्पण करीत आहे, आणि त्याच भिंतीवर, नरकाच्या बाजूस, पापी लोक लटकत आहेत. दाता आणि दंड हीं एकाच चित्रांत ठेवण्याचें धैर्य ज्यानें दाखविलें, तो चित्रकार केवळ यजमानाचा भाट नव्हता.

येथें प्रवेश मिळतो पंधरा मिनिटांचा. तो आगाऊ मागून ठेवावा लागतो, आणि आंत सोडण्यापूर्वीं बाहेरच्या कांचेच्या खोलींत आणखी पंधरा मिनिटें बसवितात. हेतु हा कीं, आपल्या अंगाबरोबर येणारी दमट हवा आणि धूळ चित्रांपर्यंत पोंचूं नये. अनेक रसिकांस हा नियम जाचक वाटतो. अजिंठ्याची आठवण असणाऱ्या मराठी वाचकास तो तसा वाटूं नये. मनुष्याचा श्वास चित्राचा शत्रु असतो हें आपण तेथें पाहिलें आहे. आणि वाचविणाऱ्याचा हातहि कधीं कधीं कसा बाधतो, हेंहि पाहिलें आहे. निझाम सरकारनें १९२० सालीं अजिंठ्याच्या दुरुस्तीसाठीं इटलीहूनच तज्ज्ञ आणविले होते. त्यांनीं सुटलेले पापुद्रे धरून ठेवले. पण चित्रांवर दिलेला लाखेचा रोगण कालांतरानें पिवळा पडला.

शिवाय ‘एका दिवसांत काय होतें?’ असें विचारणाऱ्यानें या भिंतींचें तंत्र समजून घ्यावें. अजिंठ्याचे रंग सुकलेल्या गिलाव्यावर बसविलेले आहेत. जॉट्टोचे बहुतेक रंग ओल्या चुन्यांत मुरलेले आहेत. चुना ओला आहे तोंवर काम संपलें पाहिजे. म्हणून चित्रकार सकाळीं त्या दिवशीं रंगवून होईल तेवढाच गिलावा देतो. या तुकड्याला इटालियन भाषेंत ‘दिवसाचें काम’ अशाच अर्थाचा शब्द आहे, आणि निरखून पाहणाऱ्यास ते सांधे भिंतीवर आजहि दिसतात. एकेका दिवसाच्या अशा तुकड्यांनीं हें सारें देवालय भरलें आहे.

पंधरा मिनिटांत सगळीं चित्रें पाहूं नयेत, दोन पाहावींत. पहिलें ख्रिस्ताच्या मृत देहाभोंवतीं चाललेल्या शोकाचें. एक उघडा खडक चित्राच्या वरच्या कोंपऱ्यांतून तिरपा खालीं उतरतो आणि आपली नजर आई व मुलगा यांच्या जवळ आलेल्या चेहऱ्यांपाशीं नेऊन सोडतो. समोर दोन व्यक्ति आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहींत. पाठींवरूनच दुःख कळतें. त्या पाठींमुळें चित्राला खोली येते, कारण त्यांच्यापलीकडे जागा आहे हें डोळ्यांस पटतें. दुसरें चित्र ज्यूडासच्या चुंबनाचें. भाले आणि मशाली यांच्या गर्दींत ज्यूडासचा पिवळा झगा ख्रिस्ताला जवळजवळ गिळून टाकतो, आणि त्या गर्दीच्या मध्यभागीं दोन चेहरे एकमेकांकडे निश्चल पाहत असतात. जॉट्टोचीं घरें माणसांच्या मानानें लहान आहेत आणि त्याचे डोंगर नाटकांतल्या पडद्यासारखे आहेत. पण त्याच्या माणसांना वजन आहे. तीं उभीं राहतात तेथें जमीन आहे असें वाटतें. त्याची खोली माणसांपासून सुरू होते.

निघण्यापूर्वीं वेदीच्या कमानीच्या दोन्ही अंगांस खालीं पाहावें. तेथें जॉट्टोनें दोन रिकाम्या खोल्या रंगविल्या आहेत: कमानदार छत, लटकता दिवा, खिडकींतून दिसणारें आकाश, आणि माणूस एकही नाहीं. क्षणभर भिंत खरोखरच उघडली आहे असा भास होतो. पुढच्या तीन शतकांची सारी विद्या या दोन कोनाड्यांत बीजरूपानें आहे. जॉट्टोला ती अवगत होती. पण त्यानें तिला कोंपऱ्यांतच बसविलें.

देवालयापासून कांहीं पावलांवर एरेमितानींचें चर्च आहे. तेथें तरुण मान्तेन्यानें १४४८ पासून रंगविलेल्या भिंती होत्या. ११ मार्च १९४४ रोजीं पादुआच्या रेल्वे-आवारावर झालेल्या बाँबवर्षावांत त्या कोसळल्या. ऐंशी हजारांहून अधिक तुकडे गोळा झाले. आज जुन्या छायाचित्रांच्या आधारानें त्यांतले कांहीं आपापल्या जागीं बसविले आहेत, आणि मधल्या करड्या पोकळींत ते बेटांसारखे दिसतात. येथें दहा मिनिटें थांबावें. ज्या लोहमार्गानें आपण सुखानें आलों त्याच लोहमार्गासाठीं त्या भिंती गेल्या; आणि जॉट्टोच्या भिंती हांकेच्या अंतरावर असून वांचल्या. पंधरा मिनिटांबद्दलची तक्रार येथें आपोआप थांबते.

दुपारच्या गाडीनें व्हिचेन्झा. स्टेशनावरून गांवाच्या वेशींतून आंत शिरलें कीं पॅलाडिओच्याच नांवाचा सरळ रस्ता लागतो, आणि त्याच्या शेवटास ‘तेआत्रो ओलिंपिको’ हें नाट्यगृह आहे. १५५५ सालीं स्थापन झालेल्या तेथील विद्वत्सभेसाठीं पॅलाडिओनें तें १५८० सालीं आरंभिलें, आणि त्याच वर्षीं तो वारला. काम पुरें झालें तें इतरांच्या हातून. रंगमंचामागील दृश्य उभारलें स्कामोत्सी या वास्तुकारानें. ३ मार्च १५८५ रोजीं सोफोक्लीझच्या ‘ईडिपस’ नाटकानें तें उघडलें.

प्रेक्षकांच्या अर्धलंबवर्तुळाकार पायऱ्यांवर बसलें कीं समोर पुतळ्यांनीं गजबजलेली एक भव्य भिंत दिसते. संगमरवराचा भास होतो, पण आहे लांकूड आणि गिलावा. तिच्या दारांतून थीबी नगरीचे सात रस्ते दूरवर गेलेले दिसतात. वस्तुतः ते थोड्याशाच लांबीचे आहेत. जमीन चढत जाते, छपरें उतरत जातात, घरें मागें मागें लहान होतात. डोळा पूर्ण फसतो. हे रस्ते एका नाटकासाठीं केले होते, आणि आज चार शतकांनंतरहि ते उभे आहेत. कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

पण सकाळचें देवालय मनांत ताजें असेल तर कौतुकापाठोपाठ एक शंका येते. या रस्त्यांवरून चालणार कोण? नट चार पावलें आंत गेला तर त्याचें डोकें घरांच्या माडीला लागेल, आणि नगरी क्षणांत खेळणें होईल. जॉट्टोजवळ धड घरें नव्हतीं, पण माणसें होतीं. स्कामोत्सीजवळ निर्दोष रस्ते आहेत, आणि माणसाला तेथें मज्जाव आहे. त्या दोन रिकाम्या खोल्या जणू कोंपऱ्यांतून निघून पावणेतीनशें वर्षांत सारी भिंत व्यापून बसल्या. फक्त व्हिचेन्झा पाहणाऱ्याला हें नाट्यगृह निर्दोष वाटेल. फक्त पादुआ पाहणाऱ्याला जॉट्टो भोळा वाटेल. दोन्ही एका दिवशीं पाहणाऱ्यासच हा व्यवहार कळतो.

हा निवाडा स्कामोत्सीवर अन्याय करणारा आहे, असें कोणी म्हणेल. त्याचे रस्ते चालण्यासाठीं नव्हतेच. नट पुढें उभा राहून बोले आणि रस्ते मागें राहत. तें खरें आहे. नाटकाला जेवढें हवें तेवढें त्यानें दिलें. म्हणून दोष त्याच्या माथीं न मारतां एवढेंच म्हणावें कीं, दृष्टीची विद्या पूर्णत्वास गेली म्हणजे तिला माणसाची गरज उरत नाहीं, हा धोका येथें डोळ्यांनीं दिसतो.

आणि पॅलाडिओवर तर तो दोष मुळींच येत नाहीं. याचा पुरावा जवळच्या चौकांत आहे. जुन्या विटांच्या नगरसभागृहाभोंवतीं त्यानें पांढऱ्या दगडाचे दुमजली सज्जे उभे केले. आराखडा १५४९ सालीं मंजूर झाला, आणि काम संपलें त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांहून अधिक काळानें. मूळच्या इमारतीचीं अंतरें सारखीं नव्हतीं. त्यानें मधल्या कमानी सारख्या ठेवल्या आणि बाजूच्या अरुंद फटी कमीजास्त करून तो ओबडधोबडपणा झांकला. ही सुद्धां डोळ्याची फसवणूकच. पण या फसवणुकीखालून लोक चालतात, उन्हापावसांत तेथें उभे राहतात. १९४५ च्या बाँबवर्षावांत तिचें तांब्याचें छप्पर जळालें, तें पुन्हां उभारलें गेलें. जॉट्टोच्या माणसांना जर कोठें घर मिळालें असेल तर तें या कमानींखालीं, पादुआच्याच एका पाथरवटाच्या हातून.

संध्याकाळीं त्या चौकांत बसून कॉफी घ्यावी आणि दिव्यांच्या वेळीं परतीची गाडी धरावी. व्यवहाराच्या दोनच सूचना: सोमवारीं नाट्यगृह बंद असतें म्हणून तो वार टाळावा, आणि देवालयाची वेळ हातीं आल्यावरच बाकीचा दिवस ठरवावा. सोडलेल्या गोष्टींची रुखरुख परतीच्या गाडींत लागेल. ती लागूं द्यावी. संत अँटनीच्या मंदिरासाठीं आणि टेकडीवरील त्या व्हिल्यासाठीं दुसरा एखादा दिवस निघेल. पण त्या दिवसालाहि आधीं त्याचा स्वतःचा विषय शोधावा, आणि मगच गाडीचें वेळापत्रक उघडावें.