‘भीमायन’ : चौकट नाकारणारी चित्रकथा

१९७९ च्या ‘अमर चित्र कथे’त बाबासाहेब चौकटीत बसवले गेले. २०११ च्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चौकटच नाकारली. जातीचे विखारी बोलणे येथे नांगी असलेल्या फुग्यातून येते. सोसणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात. धर्माबादच्या घरी माझ्या निरक्षर आईने पुस्तक चाळले. नांगीवर बोट ठेवून म्हणाली, “हे पाटलाचं बोलणं हाय, बाबा.” शाळेत तहानलेला ठेवलेला भीम तिला समजावून सांगावा लागला नाही. म्हणूनच बसथांब्यावरची आरक्षणाची शिकवणी मला खटकते. चित्राने जे सिद्ध केले, त्याला वकील कशाला? इंग्रजी संहितेवर माझे विद्यार्थी अडखळले. आई अडली नाही. आपल्या समीक्षेने या वाचकाची नोंद घेतली पाहिजे.