यंत्राची मान आणि प्रेक्षकाचें मन

गणेशोत्सवांत जळगांव-धुळ्याकडील मंडपांतून हलते देखावे मांडण्याची चाल आहे. पडदा सरकतो, ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होतें, राक्षस गदा उगारतो, देव हात वर करतो. मोटारीच्या बळावर सारें बिनचूक चालतें. लहान मुलें क्षणभर थक्क होतात. परंतु तोच हात तिसऱ्यांदा तसाच वर गेला कीं तीं पलीकडच्या पाळण्याकडे पाहूं लागतात. हा कारागिराचा दोष आम्ही मानीत नाहीं. पुतळा हलतो, पण समोर कोण आहे याची त्यास वार्ता नाहीं, हें मुलांस कळून चुकलेलें असतें.

ही वार्ता यंत्रास देण्याचा प्रयत्न पोलंडांत जन्मलेल्या व इंग्लंडांत स्थायिक झालेल्या एडवर्ड इहनाटोविच या शिल्पकारानें केला. 1968 सालीं लंडनच्या 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' या प्रदर्शनांत त्यानें 'सॅम' ही कृति ठेविली. पाठीच्या कण्यासारखा एक खांब आणि वर फुलासारखें डोकें. त्यांतील चार मायक्रोफोन आवाजाची दिशा ताडीत आणि फूल तिकडे वळे. मात्र आवाज हळू व सलग असावा लागे. लोक त्यापुढें तासन्‌तास नाना सूर काढीत उभे राहात! पुढें 1970 मध्यें हॉलंडांतील आइंडहोवन येथें फिलिप्स कंपनीच्या 'इव्होल्युऑन' या प्रदर्शनगृहांत त्याचा 'सेन्स्टर' उभा राहिला. सुमारें 15 फूट लांबीचें, पोलादी नळ्यांचें, संगणकाच्या आज्ञेंत चालणारें हें धूड होतें. सौम्य आवाज आला कीं तें मान वांकवून जवळ येई. कोणी ओरडलें वा हातवारे केले कीं अंग चोरून मागें सरे. चेहरा नाहीं, कातडें नाहीं. तरी प्रेक्षक त्याच्याशीं सजीव प्राण्याप्रमाणें वागत. 1974 मध्यें तें तेथून काढण्यांत आलें.

भरतानें अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. आमच्या देखाव्यांत आहार्याची रेलचेल असते. सेन्स्टरपाशीं होतें तें केवळ आंगिक, आणि तेंहि बेताचें. सत्त्व यंत्रांत कोठून असणार? तें प्रेक्षकानेंच पदरचें घातलें. परंतु तसें घालावयास त्यास जागा मिळाली ती यंत्राच्या माघार घेण्यामुळें. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास हात जोडणाऱ्या दुकानांतील बाहुलीचा नमस्कार कोण मनावर घेतो? तमाशांतला सोंगाड्या हशा ओसरेपर्यंत पुढचा शब्द दाबून धरतो. कळसूत्री बाहुलीचा दोराहि सभा ओळखणाऱ्या बोटांत असतो.

हा शुद्ध भुलावा आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो आक्षेप अर्धाच मान्य आहे. गिऱ्हाइकास खिळवून ठेवण्याकरितां मान डोलविणारें यंत्र हें फेरीवाल्याचें भावंड होय. सेन्स्टरनें मात्र उलट प्रेक्षकाकडेच कांहीं मागितलें: तो जवळ यावयास हवा असेल, तर आवाज आवरा.

तंत्रनिकेतनांतील आमच्या मुलांस आज हें अवघड नाहीं. आवाज व हालचाल टिपणारीं साधनें आतां स्वस्त झालीं आहेत. पुढील उत्सवांत त्यांनीं राक्षस सोडून एक मूषक करावा. मंडपांत शांतता असली तर त्यानें बिळांतून डोकें काढावें, कान टवकारावे. कर्णे दणाणूं लागतांच आंत जावें. दहा दिवसांत तो एकदांहि बाहेर आला नाहीं, तर वर्गणीदारांस काय सांगावयाचें तें मंडळानें पाहावें.