ठोसर : समर्थांनी न वापरलेले आडनाव

रामदासांचे कोणतेही चरित्र उघडा, पहिल्या पानावर ‘नारायण सूर्याजी ठोसर’ भेटतात. जन्म जांबेचा, आजच्या घनसावंगी तालुक्यातला. चैत्र शुद्ध नवमी, शके 1530, म्हणजे इ. स. 1608. तिथी आणि गाव यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या तीनपदरी नावाविषयी. ही घडण शाळेच्या दाखल्यातली वाटते. त्या शतकातले कारभारी पाहा : मोरो त्रिंबक, अण्णाजी दत्तो, रामचंद्र नीळकंठ. आपले नाव, बापाचे नाव, की झाले. मोरोपंत ‘पिंगळे’ होते हे आपण आवर्जून जोडतो.

ठोसर हे नाव गावावरून पडलेले ‘कर’कारान्त नाही, हुद्द्यावरूनही नाही. ‘ठोस’पासून ते काढणाऱ्यांजवळ कानाला जुळते यापलीकडे पुरावा नसतो. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. परंपरा या घराकडे गावचे कुलकर्णपण सांगते. वतनाने कितीतरी घराण्यांची मूळ उपनावे गिळली. ठोसर मात्र ‘कुलकर्णी’ म्हणून ओळखले गेले नाहीत, ‘जांबकर’ही नाहीत.

हे नाव समर्थांनी जपले म्हणावे, तर काव्यात त्यांची मुद्रा ‘दास’, ‘रामदास’. त्यांनी घर सोडले होते, असे कोणी म्हणेल. पण थोरले बंधू गंगाधरपंत, म्हणजे श्रेष्ठ, जांबेतच प्रपंचात राहिले. ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुलभोपाय’ लिहिणारे हे गृहस्थही ‘रामीरामदास’ झाले. पुढे त्यांचा वंश चाफळ-सज्जनगडाच्या अधिकारावर आला आणि ‘स्वामी’ हेच त्याचे आडनाव ठरले. समर्थांची बखर लिहिणारे हनुमंतस्वामी याच वंशातले. म्हणजे ज्या घराने हे आडनाव मागे ठेवले, त्याच घरातल्या बखरकाराच्या आणि नंतरच्या चरित्रकारांच्या लेखणीने ते सर्वतोमुखी केले! या नावाचा इतिहास माझ्या मते वंशाइतकाच चरित्रलेखनाचाही आहे.

म्हणून 2016 साली ‘सैराट’ आल्यावर आकाश ठोसर यांचे नाव ऐकून ‘समर्थांच्या घराण्यातले का?’ असे मला विचारले गेले, तेव्हा प्रश्नच उतावळा वाटला. आडनाव एक म्हणून कूळ एक होत नाही. तसे म्हणायचे तर कुलदैवत, गोत्र, वतनाचे कागद जुळवून पाहावे लागतात. नुसत्या नावावर चालायचे तर श्रेष्ठांचे वंशजच आधी वंशावळीबाहेर पडतील, कारण ते ‘स्वामी’ आहेत.